ईपीओ ‘नॉर्मल’ आहे, मग इंजेक्शन कशाला?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंचं क्रिएटिनिन ३.८ (म्हणजे किडनी बरीच कमजोर), हिमोग्लोबिन ७.९, आणि एरिथ्रोपोएटिनचा, म्हणजे ईपीओचा रिपोर्ट मात्र नॉर्मल. ईपीओ हे लाल पेशी बनवा असं सांगणारं, किडनीत तयार होणारं हार्मोन. तरी डॉक्टरांनी त्याचंच इंजेक्शन लिहून दिलं, म्हणून शंका. मी डॉक्टर नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका लॅबमध्ये तीस वर्षं टेक्निशियन होतो, आणि हा प्रश्न काउंटरवर बरेचदा ऐकलाय.

रिपोर्टवर छापलेली रेंज धडधाकट माणसाची असते. रक्त उतरलं, म्हणजे हिमोग्लोबिन घटलं, की निरोगी किडनी ईपीओ कितीतरी पटींनी वाढवते. फारच उतरलं तर शंभर पट, हजार पटसुद्धा. ७.९ ला आकडा रेंजमध्येच बसलाय, म्हणजे पंगत पन्नासांची आणि कुकर चौघांचा. चौघांसाठी तो कुकर नॉर्मलच की!

याच्या उलटचं उदाहरण बघा. अप्लास्टिक ॲनिमियात किडनी चांगली असते, लाल पेशी बनवणारा हाडांतला मॅरो बसलेला असतो. किडनी रक्त मागत राहते, कोणी देत नाही, आणि ईपीओ इतकं वाढतं की लघवीत उतरतं. गोल्डवासर नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली शुद्ध ईपीओ मिळवलं ते जपानमधल्या अशाच रुग्णांच्या २५५० लिटर लघवीतून. हाती आलं ते काही मिलिग्रॅम.

आता किडनीच का? मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. मांडीच्या स्नायूला हे काम दिलं असतं तर तीन जिने चढलात की त्याने रक्त कमी पडल्याची बोंब मारली असती. किडनीचं तसं नाही. तिथे रक्त जास्त आलं की गाळणं वाढतं, गाळलेलं मीठ परत ओढून घ्यायची मेहनत वाढते, आणि त्या मेहनतीला ऑक्सिजनही जास्त लागतो. आवक आणि खर्च जोडीने हलतात. त्यामुळे तिथे ऑक्सिजन कमी पडला तर दोष बहुतेक रक्ताचाच: लाल पेशी कमी, नाहीतर हवाच विरळ.

हे हेरतात किडनीच्या नलिकांच्या मधल्या जागेतल्या काही पेशी. त्या हिफ नावाचं प्रथिन सतत बनवतात आणि सतत मोडतातही. ऑक्सिजन पुरेसा असेल तर एक एन्झाइम त्याच ऑक्सिजनचा शिक्का हिफवर मारतं, आणि शिक्का बघून व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन त्याला भंगारात काढतं. ऑक्सिजन घटला की शिक्का बसत नाही, हिफ टिकतं, केंद्रकात जाऊन ईपीओचं जनुक चालू करतं. साठा करून ठेवलेला नसतो, लागेल तसं ताजं बनतं; आणि गरज वाढली की जास्त पेशी कामाला लागतात. या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडून लेहला गेलेली मंडळी दोन दिवसांत हिमोग्लोबिन वाढलं म्हणून खूश होतात. ईपीओ काही तासांत वाढतं हे खरं, पण हिमोग्लोबिनची ती पहिली वाढ अंगातलं पाणी घटून रक्त दाट झाल्याची असते. नव्या पेशींची भर पडायला आठवडे लागतात.

किडनीच्या जुन्या आजारात याच पेशी हळूहळू वण तयार करणाऱ्या पेशींत बदलतात. काहींत मात्र ताकद शिल्लक असते. डेसिडुस्टॅटसारख्या नव्या गोळ्या शिक्का मारणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात, की पेशीला वाटावं ऑक्सिजन कमी आहे. कोणाला गोळी, कोणाला इंजेक्शन, ते डॉक्टरच ठरवतील.

इंजेक्शन लागू पडतंय का ते आधी रेटिक काउंटमध्ये, म्हणजे कोवळ्या लाल पेशींच्या मोजणीत दिसतं. न्यू मिथिलीन ब्लूने रंगवलेल्या स्लाइडवर कोवळ्या लाल पेशींत निळी जाळी उमटते. सुरुवातीला जाळीवाली एक पेशी शोधायला फील्डमागून फील्ड सरकवावं लागायचं. आठवड्याभराने त्याच पेशंटच्या स्लाइडवर त्या सहज सापडायच्या. हिमोग्लोबिन हलायला दोन ते सहा आठवडे धरा.

लोह नसेल तर हे सगळं फुकट, म्हणून फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या झाल्यात ना ते विचारा. पालक-बीटचा मारा मात्र थांबवा, आधी पोटॅशियम बघा. आणि हिमोग्लोबिन १३-१४ वर नेण्याचा हट्ट नको. साधारण १० ते ११.५ वर थांबतात, कारण त्यावर नेलेल्या रुग्णांत पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलंय. बीपी घरी मोजत राहा.

इंजेक्शन फ्रिजच्या दारात नको, फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. आमच्या शेजारच्या काकांच्या मुलाने मे महिन्यातलं ऊन बघून काळजीने महिन्याभराच्या सिरिंज बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवल्या. गोठलेलं औषध वितळवून चालत नाही, सगळ्या टाकाव्या लागल्या.