वहीतली एक म्हातारी

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद. तुझी वही वाचली. दोन महिन्यांत अकरा गावं, दीडशे गाणी! कष्ट दिसतात. पण गाणं कोणी म्हटलं, काय करताना म्हटलं, ते कुठल्याच पानावर नाही. म्हणून आज ऑस्ट्रियात लोकगीतं गोळा करणाऱ्या कोनराड माउटनरबद्दल लिहितो.

व्हिएन्नाच्या एका बड्या ज्यू गिरणीमालकाचा हा मुलगा, जन्म 1880चा. घरी नाटक-संगीतवाल्यांची ऊठबस. पण रमला तो ग्रुंडलझे तळ्याकाठच्या ग्योस्ल नावाच्या लहानशा गावात. तिथली बोली शिकला, तिथलेच कपडे घालू लागला. (त्याला सवड होती, तुझ्यामाझ्यासारखी रजा मागावी लागत नव्हती, हेही खरं.) 1910 साली त्यानं ‘स्टायरिशेस रास्पलवेर्क’ हे तिथल्या गाण्यांचं पुस्तक काढलं. त्यातली अक्षरं त्याच्याच हातची, चित्रंही त्याचीच. चार-चार ओळींची गाणी, रात्री मुलीच्या खिडकीखाली पोरं म्हणायची ती यमकं, सगळं बोलीत.

एवढा खटाटोप का, हे तिकडचा नाच पाहिला की कळतं. जोड्या फिरून झाल्या की गडी गोल उभे राहतात. एक जण चार ओळी उचलतो, बाकीचे धरतात आणि मग टाळ्या सुरू होतात. एक जण ठोका धरतो, दुसरे दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत टाळी घालतात. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं वाजतं. याला ‘पाशन’ म्हणतात. यातले नुसते शब्द उतरवलेस तर हाती काय लागेल?

तुझ्या जात्यावरच्या ओव्यांचं तेच झालंय. घास कुठल्या ओळीला टाकला, दुसरीनं सूर कुठे धरला, काही नाही.

माउटनर 1924 साली, चव्वेचाळीस वर्षांचा असताना गेला. पुढे नाझी आले. ज्या लोकांची गाणी आणि पोशाख त्यानं जिवापाड जपले, त्यांच्यातच त्याचं घर परकं ठरलं. भाऊ श्टेफान 1944 मध्ये ऑशविट्झला मारला गेला. बायको आना अमेरिकेला निसटली, आणि युद्धानंतर पुन्हा ग्रुंडलझेलाच परतली. का परतली असेल, याचा मी अजून विचार करतो.

असो. अकरातलं एकच गाव ठेव. पहिले दोन दिवस रेकॉर्डर पिशवीतच राहू दे, जात्यापाशी बस, खुंट्याला हात लाव. आणि एकतिसाव्या पानावर तू ‘एक म्हातारी’ लिहिलंयस, तिचं नाव विचारून ये.

तुझा,
काका