चार वर्षे झाली, गाडी अजून स्टँडवरच

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, गेली अठरा वर्षे अमेरिकेत, ओहायो राज्यातील डेटनजवळ राहतो. 2021 च्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या कोठारात पडून असलेली 1932 च्या फोर्ड रोडस्टरची (उघड्या टपाच्या मोटारीची) चासी मी विकत घेतली आणि तिच्यावर घरच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीवर ताकदीचे इंजिन बसवून वेगासाठी बनवलेली गाडी, उभारायला घेतली. बॉडी नव्याने घडवलेली, पोलादी पत्र्याची आणली आहे. शेव्हरोलेचे 350 क्युबिक इंची व्ही-8 इंजिन ओव्हरहॉल होऊन तयार आहे. चासी मी पहिल्याच वर्षी काळी चकचकीत रंगवून घेतली. परंतु नंतर गिअरबॉक्सखालचा आडवा पट्टा, ब्रेक पेडलचे ब्रॅकेट अशी वेल्डिंगची कामे एकामागून एक निघाली आणि तो रंग तीन ठिकाणी जळाला. शनिवारखेरीज मला सवड नसते. "अहो, विकून तरी टाका, नाहीतर निदान हलती तरी करा," असे पत्नी म्हणते. एवढा वेळ लागणे स्वाभाविक आहे की माझेच काही चुकते आहे?

उत्तर : प्रथम हिशेब करू. सणवार, पाहुणे, मुलांचे सामने आणि तुमच्याकडची थंडी वजा जाता वर्षाचे चाळीस शनिवार आणि दर शनिवारी चार तास हाती लागतात असे धरले, तर वर्षाला 160 तास होतात. आठवड्याला चाळीस तास राबणाऱ्या कारागिराचे ते चार आठवडे झाले. म्हणजे तुमची चार वर्षे वर्कशॉपच्या मापाने जेमतेम सोळा आठवड्यांची आहेत, आणि त्यांतलाही बराच वेळ हत्यारे मांडण्यात, आवरण्यात आणि मागच्या खेपेस कुठवर आलो होतो ते आठवण्यात गेला असणार. तेव्हा वेळेबद्दल मनाला लावून घेण्याचे कारण नाही. चूक आहे ती क्रमात, आणि तुमच्या पत्रातच ती स्पष्ट दिसते : रंग सर्वांत शेवटी द्यायचा असतो, तुम्ही तो सर्वांत आधी दिलात.

ही चूक बहुतेकांच्या हातून होते, कारण डोळ्यांसमोर प्रदर्शनातली झगझगीत गाडी असते. हॉट रॉडचा जन्म मात्र तसा झालेला नाही. 1932 मध्ये फोर्डने 221 क्युबिक इंचाचे, 65 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत बसवले. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण पोरे अशा गाड्या जुन्या बाजारातून उचलत, मडगार्ड उतरवत, काच काढून टाकत आणि म्युरॉक किंवा एल मिराज येथील कोरड्या तलावांच्या सपाट तळावर वेग मोजायला नेत. त्यांच्या मंडळांची शिखर संघटना 1937 मध्येच स्थापन झाली. पुष्कळदा तीच गाडी सोमवारी कामावर जायला लागत असे. त्यामुळे ती अपुरी, बिनरंगाची असली तरी चालती असणे भागच होते. (जाता जाता : 1932 मधल्या दोनावरून या गाडीला 'ड्यूस', म्हणजे पत्त्यांतली दुर्री, हे नाव पडले. आपल्याकडे दुर्रीला कोणी विचारत नाही. तिथे ती हुकुमाच्या एक्क्याच्या भावाने विकली जाते.)

म्हणून यापुढे रंगाचा डबा उघडू नका. आधी सगळ्या गाडीची कच्ची जुळणी करा. उघड्या लोखंडावर इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, रेडिएटर, स्टिअरिंग, पेडल, आसने, एक्झॉस्ट आणि बॉडी हे सारे एकदा जागेवर बसले पाहिजे. यात वेळ जातो असे वाटते, पण वेळ नेमका इथेच वाचतो. तुमच्याच इंजिनाचे उदाहरण घ्या. शेव्हरोलेचा डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणारा भाग) इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे फोर्डच्या तोकड्या नाकात ते बसवताना तो फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्याच्या भिंतीला, भिडू पाहतो. इंजिन पुढे सरकवावे तर पंखा रेडिएटरच्या जाळीला टेकतो. मग आखूड वॉटर पंप घ्यायचा की फायरवॉल आत दाबून घ्यायची, हा निर्णय बॉडी आणि रेडिएटर जागेवर असल्याशिवाय घेताच येत नाही. इंजिन साधारण तीन अंश मागे कललेले असते आणि मागच्या पिनियनची (मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाची) रेषा त्याला समांतर ठेवावी लागते, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. गिअरबॉक्सच्या आडव्या पट्ट्याची उंची त्यावरून ठरते. तुम्ही हा पट्टा रंगानंतर जोडलात, म्हणून रंग जळाला.

चासीच्या लांब पट्ट्या मुळात आतल्या अंगाने उघड्या असतात. आजच्या ताकदीच्या इंजिनाखाली त्या पिळवटू नयेत म्हणून आतून पत्रा लावून त्या बंद कराव्या लागतात. तुम्ही हे केले आहे की नाही ते पत्रात लिहिलेले नाही. नसेल तर रंग आणखी एकदा जाळावा लागेल, याची मनाची तयारी ठेवा. एका बाजूने सलग वेल्डिंग करत गेल्यास उष्णतेने पट्टी केळ्यासारखी वाकते. चासी पक्क्या चौकटीला जखडून आधी सर्वत्र वेल्डचे छोटे टाके मारावेत, मग एक इंच वेल्ड डावीकडे, एक इंच उजवीकडे, एक पुढे, एक मागे, असे करत हात लावता येईल इतके थंड होऊ द्यावे आणि दर फेरीला दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोन कर्णांत फरक पडू लागला की तिथेच थांबावे. या कामात एक पूर्ण शनिवार गेला तरी तो सत्कारणी लागला असे समजा.

ब्रेकबद्दल माझीच फजिती सांगतो. माझ्या गाडीचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेकचे तेल ढकलणारा भाग) गाडीच्या तळाच्या पत्र्याखाली, कॅलिपरपेक्षा (चाकाजवळ डिस्क दाबणाऱ्या भागापेक्षा) खालच्या पातळीवर बसवलेला होता. संध्याकाळी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली की पेडल दगडासारखे कडक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दाबाला थेट तळाशी. गळती शोधण्यात मी तीन शनिवार घालवले. गळती नव्हतीच, तेल आपल्या वजनाने उतारावरून मास्टर सिलिंडरकडे परत येत होते. पुढच्या डिस्क ब्रेकच्या नळीत 2 पीएसआय (दर चौरस इंचाला 2 पौंड) दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला आणि प्रश्न मिटला. मागे ड्रम असतील तर तिथे 10 पीएसआयचा लागतो. तुमच्या पेडलची जोडणीही गाडीच्या तळाच्या पत्र्याखालीच असावी असे वर्णनावरून दिसते, तेव्हा नळ्या वाकवण्याआधी हे दोन व्हॉल्व्ह आणून ठेवा.

विकावी का? अर्धवट गाडीला सुट्या भागांच्या बेरजेइतकीही किंमत सहसा येत नाही, कारण दुसऱ्याने मारलेल्या वेल्डवर विसंबायला गिऱ्हाईक तयार नसते. त्याआधी एक गोष्ट आजच तपासा : चासीच्या डाव्या पट्टीवर वरून ठोकलेला क्रमांक आणि तुमच्याकडील मालकीचा कागद यांचा मेळ बसतो का? कोठारातल्या गाड्यांचे कागद अनेकदा हरवलेले असतात, आणि त्यात निघालेली अडचण निस्तरायला वेल्डिंगपेक्षा जास्त महिने लागू शकतात. तो क्रमांक ग्राइंडरखाली घासला जाणार नाही याची काळजी घ्या.

वहिनींचे म्हणणे मला सर्वांत व्यवहार्य वाटते. पहिले उद्दिष्ट गाडी सुरू करण्याचे ठेवू नका. ती चार चाकांवर उभी राहून स्टिअरिंगने वळेल आणि दोघांनी ढकलल्यावर गॅरेजबाहेर येईल, एवढेच ठेवा. तिथवर माझ्या अंदाजाने दहा-बारा शनिवार लागतील. दर शनिवारी अर्धा तास आधी थांबून पुढच्या खेपेचे पहिले काम खडूने जमिनीवर लिहून ठेवा. मला या सवयीचा नव्या हत्यारांपेक्षा अधिक उपयोग झाला.

प्रश्न : माझ्याकडे 1932 च्या फोर्डचे मूळ फ्लॅटहेड इंजिन आहे. तेच वापरल्यास काम आणखी लांबेल का? (न्यू जर्सीतील एक वाचक)

उत्तर : इंजिनाचा ब्लॉक शाबूत असेल तर फारसे लांबणार नाही. या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि जळका धूर ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या वाटेशेजारून बाहेर जातो. म्हणून ते लवकर तापते आणि व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत बारीक भेगा पडतात. पिस्टन, रिंगा यांवर एक डॉलरही खर्च करण्यापूर्वी रिकामा ब्लॉक धुऊन चुंबकीय चाचणीने भेगा तपासून घ्या. भेग निघाली तर दुसरा ब्लॉक शोधावा लागेल. फोर्डची फ्लॅटहेड व्ही-8 इंजिने अमेरिकेत 1953 पर्यंत बनत होती, त्यामुळे तो मिळतो, पण त्याचीही हीच चाचणी पैसे देण्याआधी करून घ्या.