मीठ सोडलं, पण बीपी मोजलं का?

गरोदरपणातल्या आहाराबद्दल आलेल्या प्रश्नांत एकच समजूत पुन्हा पुन्हा दिसते : अमुक खाल्लं की रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, तमुक सोडलं की बीपी उतरतं. इतकं सोपं नाही ते.

प्रश्न : पाचवा महिना आहे. संध्याकाळी घोटे सुजतात म्हणून मीठ पूर्ण बंद केलं. आता पाणीही कमी करू का?

नको. संध्याकाळी येणारी आणि रात्री आडवं झाल्यावर उतरणारी सूज बहुधा वाढलेल्या रक्तामुळे आणि शिरांवर पडणाऱ्या गर्भाशयाच्या दाबामुळे असते. मीठ तोडून गरोदरपणातला बीपीचा आजार टळत नाही. दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, एवढ्यावर थांबा. मात्र सकाळी उठल्यावरच चेहरा सुजलेला असेल किंवा हाताची बोटं सुजून अंगठी निघत नसेल, तर त्याच दिवशी बीपी तपासून घ्या.

प्रश्न : कॅल्शियमच्या पाकिटावर 1250 लिहिलंय, डॉक्टरांनी 500 सांगितलंय. अर्धी गोळी घेऊ?

गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर अख्खी घ्या. 1250 मिलिग्रॅम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच असतं. मोठा आकडा पाकिटाच्या दर्शनी बाजूला आणि खरा आकडा मागे बारीक टायपात, ही विक्रीची जुनी खोड आहे. मागची बाजू वाचा, नाहीतर पाकीटच डॉक्टरांना दाखवा.

ही गोळी फक्त हाडांसाठी नाही. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असतं, त्यांच्यात पुरेशा कॅल्शियमने बीपीच्या आजाराचा धोका कमी होतो. अशा ठिकाणी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 1.5 ते 2 ग्रॅम प्रत्यक्ष कॅल्शियम सुचवते. ते विभागून घ्यायचं, कारण एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या वर गेलं की शोषण घटतं. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी. लोहाची गोळी तिच्यापासून निदान दोन तास लांब, आणि चहा-कॉफी लोहाच्या आसपास नकोच. दोन्ही गोळ्या एकदम गिळायच्या आणि मग हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणायचं, हे नेहमीचंच. पूर्वी मुतखडा झाला असेल तर सुरू करण्याआधी विचारा.

प्रश्न : ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. सी जीवनसत्त्व कमी पडलं का?

बहुधा नाही, संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात. मऊ ब्रश वापरा, दातांच्या डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात दात साफ करून घेता येतात.

प्रश्न : सातवा महिना. दोन वेगवेगळ्या दिवशी बीपी 142/92 आलं. त्रास काहीच नाही. ओळखीच्यांनी बीटाचा रस आणि लसूण सांगितलाय. पुढच्या महिन्याच्या तपासणीपर्यंत थांबू का?

थांबू नका. आजच डॉक्टरांना कळवा.

आता रसाबद्दल. वारेला, म्हणजे नाळेतून बाळाला पोषण पुरवणाऱ्या अवयवाला, रक्त देणाऱ्या गर्भाशयातल्या बारीक धमन्या मुळात अरुंद आणि पिळदार असतात. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी त्यांच्या भिंतीत शिरतात, तिथला स्नायू हटवतात आणि त्या धमन्या रुंद, सैल होतात. साधारण 20 आठवड्यांपर्यंत हे काम उरकतं. ते अर्धवट राहिलं तर वारेला रक्त अपुरं पडतं, आणि तिथून आईच्या रक्तात अशी प्रथिने सुटतात, जी शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवतात. मूत्रपिंडातून प्रथिने गळतात, डोळ्यांपुढे ठिणग्या येतात, डोकं ठणकतं, यकृतावर ताण येऊन उजव्या बरगडीखाली दुखतं. या दुखण्याला घरोघरी ‘पित्त’ म्हणतात आणि त्यात मोलाचे तास जातात. सातव्या महिन्यात प्यायलेला रस त्या धमन्या नव्याने रुंद करणार नाही. बीट भाजी म्हणून खुशाल खा, उपचार म्हणून नको.

20 आठवड्यांनंतर किमान चार तासांच्या अंतराने दोनदा 140/90 किंवा जास्त आलं की तपासण्या लागतात : लघवीतली प्रथिने, प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, बाळाच्या वाढीची सोनोग्राफी. 160/110 आलं तर सकाळची वाट बघायची नाही, थेट रुग्णालय. ‘त्रास नाही’ याचा अर्थ इतकाच, की अजून त्रास नाही.

घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, तोंड बंद. दंडाला लहान पडणारी पट्टी किंवा लोंबता हात आकडा खोटाच वाढवतो. पण ‘मशीनच चुकतंय’ असं स्वतः ठरवून मोकळं होऊ नका. मशीन घेऊन जा, डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहा. आणि घरात कुणाची बीपीची गोळी आहे म्हणून ती घेऊ नका. एनालाप्रिल, लोसार्टान या जातीची औषधं बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात.

प्रश्न : मागच्या वेळी याच आजारामुळे लवकर प्रसूती करावी लागली. आता पुन्हा दिवस राहिलेत. कोणतं पथ्य पाळू?

पथ्याआधी भेट. अशा स्त्रियांना कमी मात्रेचं ॲस्पिरिन, साधारण 75 ते 150 मिलिग्रॅम, 12 आठवड्यांपासून दिलं जातं. 16 आठवड्यांच्या आत सुरू झालं तर फायदा जास्त. म्हणजे पहिली तपासणी तिसऱ्या महिन्यावर ढकलू नका. दुकानातून आणून स्वतः सुरूही करू नका.

प्रश्न : ‘केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) मजबूत करणारी’ नैसर्गिक कॅप्सूल घेऊ का? त्यात सी आणि ई जीवनसत्त्व आहे.

नको. मोठ्या चाचण्यांत सी आणि ई च्या जादा मात्रेने हा आजार टळलेला नाही. ‘नैसर्गिक’ मिश्रणांत ज्येष्ठमध असू शकतो आणि तो बीपी वाढवतो. आधीच घेत असाल तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मधुमेह आधीपासून आहे. साखर आता छान आटोक्यात आली. डोळे प्रसूतीनंतर तपासले तर चालेल?

नाही. पडद्याच्या बारीक वाहिन्यांचा बिघाड गरोदरपणात वाढू शकतो, आणि साखर झपाट्याने उतरली तरी तो काही काळ वाढू शकतो. म्हणून साखर सैल सोडायची नाही. बाहुली मोठी करून पडदा पहिल्या तीन महिन्यांतच तपासायचा. पुढची तारीख नेत्रतज्ज्ञ देतील.

प्रश्न : तळहात लालसर झालेत, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेषा दिसतात. काय खावं?

त्यासाठी काहीच नाही. इस्ट्रोजेन वाढल्याने असं होतं, प्रसूतीनंतर बहुतेक वेळा आपोआप फिकं पडतं. पण तळहात-तळपायांना खाज सुटून रात्री झोप उडत असेल, तर मलम चोळत बसू नका. रक्तातली पित्ताम्लं आणि यकृताची तपासणी लगेच करून घ्या.