नदी राखीव झाली तर आमचा रस्ता जाईल का?

प्रश्न : माझं माहेर पारशिवनीकडे, पेंचच्या काठाला. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं की गाव तुटतं, मागच्या वर्षी काकूला खाटेवर उचलून पलीकडे नेलं. पूल मागितला की जंगलाची जमीन आहे, परवानगी नाही म्हणतात. आता भाऊ म्हणतो अमेरिकेसारखी पेंचपण राखीव नदी जाहीर करा. मग रस्ता, धरण सगळंच बंद होणार का? अन् नागपूरला पाणी कुठून येईल?

उत्तर : ताई, पहिले मनातली भीती काढा. भाऊ म्हणतात तो अमेरिकेतला कायदा १९६८ चा, पण तिथे अख्खी नदी कुलुपात नाही टाकत, तुकडे पाडून तीन वर्ग करतात, एकात पायवाटेशिवाय जाताच येत नाही, दुसऱ्यात कुठेकुठे रस्ता येऊन लागतो, अन् तिसऱ्यात रस्ता काठालगत असला तरी चालतो, आधी कधी बांध पडलेला असला तरी चालतो. अडवतात ते पुढचं नवीन धरण. आपल्याकडे नदीसाठी असा वेगळा कायदा नाही.

पण पेंच नॅशनल पार्कातून वाहते ना, पार्क १९७५ चं, टायगर रिझर्व्ह १९९९ पासून, अन् त्याच्याच पोटात तोतलाडोह धरण, खाली नवेगाव खैरीचं धरण, जिथून आपल्या नागपूरच्या नळाला पाणी येतं. म्हणजे वाघ, धरण अन् माणूस एकाच पाण्यावर आहेत. पार्कातून उठवलेल्या आदिवासींना तोतलाडोहात मासेमारीचे ३०५ परवाने दिले तेव्हा केस सुप्रीम कोर्टात गेली, १९९७ च्या निकालात कोर्टाने परवाने रद्द नाही केले, अटी घातल्या. मला तो मधला मार्ग बरोबर वाटतो.

धरणाचं म्हणाल तर जुलै २०१९ आठवा. एक दिवसाआड नळ, आमच्या घरी गुंड, बकेटा, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला होता. पाऊस लांबला होता अन् वर मध्य प्रदेशात चौराईला धरण झाल्यामुळे खाली येणारं पाणीही घटलं होतं. वरूनच पाणी नाही आलं तर आणखी एक भिंत बांधून काय भरणार? म्हणून नदी वाहती ठेवा ही मागणी खरं तर नागपूरकरांनीच लावून धरायला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ३५(६) आहेच, पार्कातलं पाणी वळवायचं किंवा अडवायचं तर ते वन्यजीवांच्या भल्याचं आहे हे आधी पटवून द्यावं लागतं.

आता रपटा. गाव पार्कच्या हद्दीबाहेर असेल अन् जमीन जंगलाची असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) धरा, ग्रामसभेची शिफारस असली की रस्त्यासारख्या कामाला १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते, झाडं मात्र हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडता येत नाहीत. ग्रामसभेत बायांनी जास्तीत जास्त संख्येने बसा. ठरावाला पाण्याखालच्या रपट्याचे फोटो जोडा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत गाव तुटलं ते लिहा, अन् काकूंना खाटेवर नेलं तो दिवस पहिल्या ओळीत लिहा.