कळा आणल्या की सिझर होतंच का?

प्रश्न : सून पहिलटकरीण आहे, ३९ आठवडे पूर्ण झाले. बीपी, साखर व्यवस्थित. डॉक्टर म्हणतात, औषध देऊन कळा आणू. वाड्यातल्या बायका म्हणतात, अशा कळा आणल्या की शेवटी सिझरच करावं लागतं. थांबावं का?
– एक सासूबाई, उत्तर कसबा, सोलापूर

उत्तर : बायकांनी पाहिलेलं खोटं नाही, तुलना मात्र चुकते. औषधाने कळा आणलेलीची तुलना त्या आपोआप कळा आलेलीशी करतात. तुमच्या सुनेला आज आपोआप कळा येत नाहीयेत. तिच्यापुढे वाटा दोनच : कळा आणणं किंवा वाट पाहणं. वाट पाहताना कुणाचं बीपी वाढतं, कुणाचं बाळाभोवतीचं पाणी कमी होतं, आणि त्यांचीही सिझर होतात. तीही मोजायला हवीत.

अमेरिकेतल्या ४१ रुग्णालयांत ६,१०६ पहिलटकरणींवर हेच तपासलं गेलं. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. कुणाला कळा आणायच्या आणि कुणी थांबायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, थांबलेल्यांत २२.२ टक्के. बीपीचा त्रास ९.१ आणि १४.१ टक्के. बाळांच्या गंभीर गुंतागुंतीत मात्र ठाम म्हणावा असा फरक नव्हता. म्हणून सगळं ठीक असेल तर तपासण्या चालू ठेवून थांबायलाही हरकत नाही. ४१ आठवड्यांपलीकडे मात्र ताणू नका, आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच वेळी दवाखाना गाठा.

त्या अभ्यासात तारीख सोनोग्राफीने पक्की केलेली होती. सुनेची पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी काढा आणि ३९ आठवडे खरंच भरलेत का, ते डॉक्टरांकडून मोजून घ्या. पाळीची तारीख आठवणीतून सांगितली की दोन आठवड्यांची चूक सहज होते.

दुसरी गोष्ट धीराची. तिथे पाणमोट फोडून कळांचं सलाईन लावल्यावर निदान १२ तास दिल्याशिवाय ‘प्रयत्न फसला’ म्हणू नये, असं ठरलं होतं. आपल्याकडे बिघडतं ते इथेच. सकाळी भरती, संध्याकाळी पेढे, अशी घरच्यांची घाई असते. डॉक्टरांना बिशप स्कोअर विचारा. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, किती मऊ व आखूड झालं, कुठे वळलंय आणि डोकं किती खाली आलं, याचे १३ पैकी गुण. ६ किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करावं लागतं; त्यातच एक दिवस जाऊ शकतो. वॉर्डाबाहेर बसून ‘अजून कसं नाही’ असं तासातासाला विचारू नका. बाई खचते.

प्रश्न : आमच्याकडे कळा आणायच्या मिसोप्रोस्टॉल या औषधाची २०० मायक्रोग्रॅमची गोळी असते. एका वेळी २५ मायक्रोग्रॅम द्यायचे असतात. ब्लेडने आठ तुकडे केले तर चालेल का?
– एक परिचारिका, अक्कलकोट तालुका

उत्तर : नको. तुकडे सारखे होत नाहीत; एखादीला दुप्पट डोस जातो आणि दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊन बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागतात. २५ची गोळी मागवा. ती नसेल तर डॉक्टरांच्या लेखी आदेशाने २०० मिली पिण्याच्या पाण्यात एक गोळी विरघळवा, दर वेळी ढवळून २५ मिली मोजून पाजा. उरलेलं २४ तासांनी ओतून टाका. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी वाढलेल्या ६०२ जणींवर अभ्यास झाला. सुमारे निम्म्या जणींना २५ मायक्रोग्रॅम तोंडावाटे दर दोन तासांनी, जास्तीत जास्त १२ वेळा, असं दिलं; बाकीच्यांना फोलीचा फुगा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडातून घालून फुगवायची नळी, घातली. गोळी घेतलेल्यांत २४ तासांत ५७ टक्के जणी नॉर्मल बाळंत झाल्या. फोलीचा फुगा घातलेल्यांत ४७ टक्के. अतिकळा दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधीचं सिझर असेल तर ही गोळी अजिबात नाही. पिशवीवरची जुनी शिवण उसवू शकते. सिझरची सोय नसलेल्या ठिकाणी तर सुरुवातच करू नका. शेवटच्या डोसनंतर चार तास गेल्याशिवाय ऑक्सिटोसिनचं, म्हणजे कळांचं, सलाईन लावू नका. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच ठेवा. मे महिन्यात सोलापूरकडे पारा ४२च्या वर जातो, त्यात लाइट गेली की ट्रेमध्ये राहिलेल्या अँपूलचा जोर कमी होतो. मग कळा येईनात म्हणून थेंब वाढवले जातात आणि पुढची ताजी अँपूल त्याच वेगाने सुरू होते. अँपूल बदलली की थेंब पुन्हा कमीपासून सुरू करा.