‘या वयात सामान्य आहे’ : मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांविषयी बोलताना

पंचवटीतील एका वाचकांचा प्रश्न असा आहे. त्यांच्या बहात्तर वर्षांच्या वडिलांना अधूनमधून चक्कर येते म्हणून मेंदूचा एमआरआय काढला. अहवाल इंग्रजीत होता; घरातल्या नातीने त्याचे मराठी करून दिले, त्यात ‘मेंदूच्या लहान रक्तवाहिन्यांचा आजार, फाझेकास श्रेणी १, वयोमानानुसार सामान्य’ असे शब्द आले. डॉक्टरांनीही ‘काका, या वयात हे सामान्य आहे’ असेच सांगितले. वडिलांनी त्याचा अर्थ ‘आपल्याला काही झालेले नाही’ असा घेतला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांकडे दुर्लक्ष सुरू केले. आईने मात्र ‘आजार’ हा शब्द धरून ठेवला आणि तिचा जीव थाऱ्यावर नाही. वाचक विचारतात की येथे ‘सामान्य’ हा शब्द योग्य आहे का, नसल्यास मराठीत नेमके काय म्हणावे, आणि ‘लहान’ बरोबर की ‘सूक्ष्म’.

‘सामान्य’ या शब्दाची घडण पाहिली तर डॉक्टरांनी तो चुकीचा वापरलेला नाही. ‘समान’वरून ‘सामान्य’ हा शब्द साधला आहे आणि वैशेषिक दर्शनात तर तो एक स्वतंत्र पदार्थ मानलेला आहे: अनेक गाईंमध्ये सारखेपणाने असणारे गोत्व हे ‘सामान्य’. व्याकरणातील ‘सामान्यनाम’ याच अर्थाने सामान्य असते, कारण ते एका जातीतील सर्वांना लागू पडते. या अर्थी ‘सामान्य’ म्हणजे पुष्कळांत आढळणारे. ते चांगले की वाईट याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. मात्र आज बोलताना आपण त्याच शब्दाला आणखी दोन अर्थांनी राबवतो. ‘साखर सामान्य आली’ म्हणताना आपल्याला ‘हवी तेवढी, निर्दोष’ असे म्हणायचे असते, आणि ‘सामान्य सर्दी’ म्हणताना ‘किरकोळ’ असे. मराठीत पूर्वी ‘जनजीवन सुरळीत झाले’, ‘प्रकृती ठीक आहे’ असे जिथे सहज म्हटले जाई, तिथेही आता ‘सामान्य’ येऊन बसल्यामुळे हा निर्दोषपणाचा अर्थ कानात पक्का झाला आहे. डॉक्टर पहिल्या अर्थाने बोलले, वडिलांनी दुसऱ्या अर्थाने ऐकले. आजाराविषयी बोलताना हा घोटाळा महागात पडू शकतो, म्हणून या प्रश्नाकडे केवळ शब्दांची हौस म्हणून पाहू नये असे मला वाटते.

परिभाषेत यावर तोड काढलेली आहे. संख्याशास्त्रात ‘प्रसामान्य’ (नॉर्मल) आणि मानसशास्त्रात ‘अपसामान्य’ (ॲबनॉर्मल) हे शब्द रूढ आहेत, आणि ‘प्रकृत’ व ‘विकृत’ ही जोडी तर त्याहून जुनी आहे. परंतु बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसलेल्या माणसाला ‘प्रसामान्य’ सांगून उपयोग नाही. नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, वैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतून होते, आणि तपासणीच्या खोलीत समोर बसलेला माणूस मराठीत, कळवण-सटाण्याकडचा असेल तर कदाचित अहिराणीत बोलत असतो. तिथे रोजच्या वापरातला शब्दच हवा.

आता ‘पुष्कळांत आढळणारे’ हे विधान वस्तुस्थितीला किती धरून आहे ते पाहिले पाहिजे, कारण त्यावरच शब्दाची निवड ठरते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात साठ ते नव्वद वर्षांच्या १०७७ लोकांचे एमआरआय करून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूतील पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे मज्जातंतूंच्या जुड्या असलेल्या आतल्या भागात, या विकाराची खूण मानले जाणारे ठिपके अजिबात नसलेले लोक त्यांत अवघे ५ टक्के होते. म्हणजे साठीनंतर थोडेफार ठिपके दिसणे हाच तिथला सर्रास प्रकार होता. पण मोजायची खूण बदलली की आकडाही बदलतो. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत ६५ वर्षांवरील ३६६० लोकांपैकी २३ टक्क्यांमध्ये केवळ ‘लॅक्यून’ या प्रकारच्या, म्हणजे खोल भागातील बारीक रक्तवाहिनी बंद पडून पेशी मेल्यावर मागे राहणाऱ्या, काही मिलिमीटरच्या खाचा आढळल्या, आणि त्यांपैकी ८९ टक्के लोकांना त्याची कोणतीही जाणीव झालेली नव्हती. सूक्ष्म रक्तस्रावांच्या खुणा मोजल्या तर रॉटरडॅममध्येच साठीतल्या लोकांत त्या सुमारे १८ टक्के आणि ऐंशीच्या पुढे सुमारे ३८ टक्के निघाल्या. एकाच विकाराच्या या तीन खुणा, आणि उत्तर ९५ टक्क्यांपासून १८ टक्क्यांपर्यंत कुठेही. म्हणून ‘हा विकार किती लोकांना असतो’ या प्रश्नाला एक आकडा देणाऱ्याने कोणत्या वयात आणि कोणती खूण मोजली हे सांगितले नसेल, तर त्याचे विधान अपुरे समजावे.

असे होण्याचे कारण नावातच दडलेले आहे. नाव रक्तवाहिन्यांचे आहे, पण दवाखान्यातल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये त्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत. त्यांतील कित्येक पाव मिलिमीटरहूनही बारीक असतात. दिसतात त्या त्यांच्या बिघाडाने मेंदूत उरलेल्या खुणा. कालव्याच्या पाण्यावर शेती असणाऱ्यांना हे लगेच उमजेल: कालव्यातून चारी, चारीतून शेतचारी, आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचले नाही तर त्याला दुसरीकडून आणण्याची सोय नसते. मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या या वाहिन्याही बहुतांशी अशाच शेवटच्या असतात. त्यांची भिंत जाड व ताठर झाली, रक्तप्रवाह आक्रसला, की त्यांच्या टोकाच्या भागाला झळ बसते, आणि चित्रात तो भाग वेगळा उमटतो. डॉक्टरांनाही या खुणांना काय म्हणावे हा प्रश्न पडलेला होता. १९८७ साली कॅनडातील हॅचिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पांढरा’ आणि ‘विरळ’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ‘ल्यूकोअरायोसिस’ हे नाव घडवले, ते मुद्दाम कारणाचा निवाडा न करणारे, निव्वळ वर्णन करणारे होते. त्याच वर्षी फाझेकास व सहकाऱ्यांनी ठिपक्यांची शून्य ते तीन अशी श्रेणी मांडली: एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे एकमेकांना मिळू लागलेले, तीन म्हणजे मोठे सलग पट्टे. वाचकांच्या वडिलांच्या अहवालातील ‘श्रेणी १’ ती हीच. पुढे २०१३ साली, एकाच गोष्टीला शोधनिबंधांत अनेक नावे चालतात हे पाहून, तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या खुणांची नावे आणि व्याख्या ठरवून दिल्या.

तेव्हा ‘पुष्कळांत आढळते’ हे खरे आहे. ‘काही बिघडलेले नाही’ हे मात्र खरे नाही. रक्तपुरवठा खंडित होऊन येणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण एक चतुर्थांश या बारीक वाहिन्यांच्या विकारातून येतात. ठिपक्यांचा पसारा जितका मोठा, तितका पुढे पक्षाघाताचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. सुट्या, थोड्या ठिपक्यांचा धोका थोडा असतो, म्हणून आईंनी घाबरण्याचे कारण नाही. पण यातले टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब हे आहे. भारतात २००८ ते २०२० या काळात वीस वर्षांवरील १,१३,०४३ लोकांच्या पाहणीत ३५.५ टक्के लोकांत तो आढळला. आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, वरचा रक्तदाब १२०च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात पांढऱ्या ठिपक्यांचे आकारमान सुमारे चार वर्षांत ०.९२ घन सेंटीमीटरने वाढले, तर १४०च्या खाली ठेवणाऱ्या गटात १.४५ने. कोणाचा रक्तदाब कुठवर उतरवायचा हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे, पण ‘सामान्य’ या शब्दावर विसंबून गोळ्या सोडणे हे या माहितीच्या अगदी उलट जाते. वडिलांनी त्या पुन्हा नियमित घ्याव्यात आणि डॉक्टरांना मधल्या खंडाची कल्पना द्यावी, एवढे शब्दचर्चेच्या बाहेर जाऊनही सांगतो.

पुष्कळांत आढळणाऱ्या गोष्टीसाठी मराठीत ‘सर्रास आढळणारे’ हा प्रयोग चोख आहे, आणि लिहिताना ‘पुष्कळांत आढळणारे’ म्हटले तरी कोणाचा गैरसमज होत नाही. वर्तमानपत्रांत अशा ठिकाणी ‘प्रादुर्भाव’ वापरलेला दिसतो, तो टाळावा. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणे. डेंग्यूचा, लष्करी अळीचा, करप्याचा प्रादुर्भाव होतो. वर्षानुवर्षे हळूहळू साचत जाणाऱ्या आणि एकाचा दुसऱ्याला न लागणाऱ्या विकाराला तो शब्द लावला की साथ आल्यासारखे वाटते. नाम हवेच असेल तर पक्षिनिरीक्षक वापरतात तो ‘आढळ’ हा शब्द मला फार नेमका वाटतो: ‘साठीनंतर या खुणांचा आढळ मोठा आहे’. ‘वयोमानानुसार’ हा शब्द ठेवायला हरकत नाही, फक्त त्याने प्रमाण सांगावे, कारण सांगू नये. ‘वयाच्या मानाने थोडे’ हे माहिती देणारे वाक्य आहे. ‘वयामुळे’ असे म्हटले की रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू या तिन्ही गोष्टी नजरेआड होतात.

‘लहान’विषयी माझा आक्षेप जरा वेगळा आहे. मराठीत ‘लहान मेंदू’ हा एक ठरलेला अवयव आहे, डोक्याच्या मागच्या खालच्या बाजूचा, तोल सांभाळणारा. ‘मेंदू’ आणि ‘लहान’ हे शब्द एका वाक्यात जवळजवळ आले की ऐकणाऱ्याच्या मनात त्यांची जागा बदलते आणि ‘लहान मेंदूच्या रक्तवाहिन्या’ असे काहीतरी लक्षात राहते. चक्कर येणाऱ्या माणसाच्या घरी तर हे आणखी सहज घडेल. शिवाय ‘लहान रक्तवाहिन्यांचा आजार’ यातील ‘लहान’ आजाराला चिकटून आजारच छोटा वाटू लागतो. ‘सूक्ष्म’ लिखाणात चालेल, जरी त्याने सूक्ष्मदर्शकाची आठवण होते आणि यांतील काही वाहिन्या नुसत्या डोळ्यांनीही दिसण्याइतक्या असतात. बोलताना ‘बारीक रक्तवाहिन्या’ म्हणावे, ते सर्वांत स्वच्छ आहे. ‘आजार’ऐवजी ‘विकार’ बरा, कारण आजारी असणे म्हणजे काहीतरी जाणवणे, आणि येथे बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

याच ओघात आणखी दोन शब्द सांभाळावे लागतील. एमआरआयमधल्या खुणांना घरोघरी ‘पांढरे डाग’ म्हणतात, पण मराठीत पांढरे डाग म्हणजे कोड, आणि कोडाभोवतीची भीती व लाज त्या शब्दासोबत चालत येते; ‘पांढरे ठिपके’ म्हणावे. ते पांढरेपणही त्या चित्रपद्धतीचे आहे, सीटी स्कॅनमध्ये तोच भाग काळपट दिसतो. लक्षणांविना झालेल्या खाचांना ‘मूक अर्धांगवायू’ म्हणणे मला मान्य होत नाही, कारण अर्धे अंग लुळे पडणे हा त्या शब्दाचा गाभाच आहे आणि येथे नेमके तेच घडलेले नसते. ‘नकळत होऊन गेलेली इजा’ हे लांब असले तरी खरे आहे.

वाचकांच्या वडिलांचा अहवाल मी मराठीत असा लिहीन: ‘मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या थोड्या खुणा, सुटे पांढरे ठिपके, फाझेकास श्रेणी १. या वयात अशा खुणा पुष्कळांत आढळतात.’ आणि डॉक्टरांना तोंडी सांगायचे असेल तर: ‘काका, तुमच्या वयाच्या बहुतेकांना हे थोडेफार असते. ते वाढू नये म्हणून रक्तदाबाची गोळी मात्र रोज घ्यायची.’