कॅलिब्रेशन केलं तरी ग्राफवर लाटा का?

प्रश्न: व्हीएनएचं (सिग्नल किती पार जातो नि किती परततो हे मोजणारं यंत्र) केबलच्या टोकाला शॉर्ट-ओपन-लोड-थ्रू कॅलिब्रेशन केलं, तरी एफआर-४ (नेहमीचा फायबरग्लास) बोर्डवरच्या ३ गिगाहर्ट्झ फिल्टरचा लॉस जास्त दिसतो, ग्राफवर लाटा येतात. कॅलिब्रेशन किट खराब आहे का?

उत्तर: किटला उगाच कशाला दोष देताय, कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशीच संपतं, पुढचा एसएमए कनेक्टर (केबल जोडायचा गोल स्क्रू-जोड) नि बोर्डवरचा ट्रॅक, त्यांचा लॉस नि परावर्तन धरून, तुमच्या फिल्टरच्याच खात्यात जातो. कॅलिब्रेशन बोर्डवरच, फिल्टरच्या तोंडाशी व्हावं म्हणून त्याच पॅनेलवर टीआरएल (थ्रू-रिफ्लेक्ट-लाइन) पट्ट्या काढा: थ्रू (दोन्ही टोकं थेट जोडलेली), रिफ्लेक्ट (ओपन किंवा शॉर्ट टोक) आणि थ्रूपेक्षा पाव वेव्हलेंग्थ लांब लाइन, म्हणजे ३ गिगाहर्ट्झला मायक्रोस्ट्रिपवर (बोर्डवरच्या ट्रॅकवर) साधारण १४ मिमी. लाइन नि थ्रू यांच्यातला फेजचा फरक २० ते १६० अंशांत राहतो तोवरच भरवसा, म्हणजे ढोबळमानाने ०.७ ते ५.३ गिगाहर्ट्झ. कनेक्टर सगळीकडे सेम हवेत, आणि ते टॉर्क पान्यानेच आवळा, चिमटीने नको, नंतर केबल हलवू नका.